बॅकअप लावला की रिस्टोर पॉइंट गायब, रिस्टोर पॉइंट चालू केला की बॅकअप फेल: कुठून तपासायला घ्यायचं

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं तरी तुमच्याकडे असेल तरच पुढे वाचा, नाहीतर उगाच भलत्या आजाराचं औषध घेऊन बसाल.

- बॅकअप रोज होतो, हिरवी टिक येते, पण सिस्टिम रिस्टोर (विंडोज मागच्या तारखेला नेणारी सोय) उघडलं की एकही रिस्टोर पॉइंट (जिथे मागे जाता येतं ती नोंद) नाही. किंवा एकच आहे, तोही कालचा.
- उलटा प्रकार म्हणजे रिस्टोर पॉइंट नीट होतायत पण बॅकअप मधूनच 'स्नॅपशॉट तयार करता आला नाही' म्हणून पडतो, आणि तुम्ही हाताने परत चालवला की गुमान होतो.
- कोड दिसतात ते साधारण असे: ०एक्स८००४२३१६, ०एक्स८००४२३१एफ, ०एक्स८००४२३०एफ, ०एक्स८००४२३एफ२. तुमचा कोड कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.
- सी ड्राइव्हची जागा रोज एक-दोन जीबी कमी होते आणि फाइली शोधल्या तर कुठेच सापडत नाहीत.
- रिस्टोर करून विंडोज मागे नेलं आणि त्या दिवसापासून बॅकअप सॉफ्टवेअर उघडायलाच तयार नाही.

मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, टॅक्सवाल्यांची ऑफिसं, फोटो स्टुडिओ, मेडिकल दुकानं असं गिऱ्हाईक, आणि मार्चच्या तोंडावर सगळ्यांना एकदम बॅकअपची आठवण येते, त्यामुळे ही तक्रार मी इतक्या वेळा निस्तरलीय की फोनवर पहिल्या दोन वाक्यांत कळतं. दरवेळी समोरचा विचारतो, व्हायरस आहे का? नसतो. हार्ड डिस्क गेली का? कधीकधी, पण क्वचित.

भानगड अशी आहे की दोघं एकाच विहिरीवर मोटर लावून बसलेत. विंडोजमध्ये व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची एक यंत्रणा आहे, तिला सगळे व्हीएसएस म्हणतात. व्हिस्टापासून सिस्टिम रिस्टोर हिच्यावरच चालतं आणि बाहेरचं जवळपास प्रत्येक बॅकअप सॉफ्टवेअर उघड्या फाइली कॉपी करायला हिच्याकडेच जातं. ती काय करते, तर एका क्षणाला ड्राइव्हचा फोटो काढल्यासारखं करते, यालाच स्नॅपशॉट किंवा शॅडो म्हणतात, पण सगळा ड्राइव्ह कॉपी करत नाही. फोटो काढल्यावर जेव्हा एखाद्या जागी नवीन काही लिहिलं जातं तेव्हा तिथला जुना १६ केबीचा तुकडा आधी उचलून बाजूच्या हौदात टाकते आणि मग नवीन लिहू देते. हा हौद म्हणजे 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचं लपवलेलं फोल्डर, आणि तुमचे गायब झालेले जीबी तिथेच असतात. हौद ठरावीक मापाचा, भरला की जुनं पाणी सोडून दिलं जातं, म्हणजे जुने रिस्टोर पॉइंट उडतात. पाळीचंही तसंच आहे, एका वेळी एकालाच स्नॅपशॉट काढता येतो, दुसरा त्याच क्षणी आला तर त्याला हाकलून देतात. बहुतेक भांडणं या दोनच कारणांवरून होतात, हौद लहान किंवा पाळी एकाच वेळी.

आता तपासायला घेऊ. सोपं आणि फुकटचं आधी. पुढे ज्या कमांड येतील त्या मी बोलतो तशा लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगने करायच्या, 'व्हीएसएसॲडमिन' हा सगळा एकच शब्द आहे, मध्ये स्पेस नाही, आणि कमांड प्रॉम्प्ट राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नेच उघडायचं नाहीतर परवानगी नाही म्हणून परत पाठवेल.

पहिलं: महत्त्वाच्या फाइली हाताने दुसरीकडे ठेवा

टॅलीचा डेटा, फोटो, वर्डच्या फाइली, जे काय असेल ते साध्या कॉपी-पेस्टने पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर टाका आणि डिस्क काढून बाजूला ठेवा. पुढच्या काही पायऱ्यांमध्ये स्नॅपशॉट उडू शकतात आणि आत्ता तुमचा बॅकअप भरवशाचा नाही म्हणूनच तर तुम्ही इथे आलाय. शिवाय रिस्टोर पॉइंट म्हणजे बॅकअप नव्हे हे अजून अर्ध्या लोकांना माहीत नसतं, सिस्टिम रिस्टोर विंडोजच्या फाइली, रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम मागे नेतं, तुमच्या एक्सेलच्या फाइलला ते हातही लावत नाही.

दुसरं: खरंच भांडण आहे का ते बघा

स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' टाइप करा, सिस्टिम प्रोटेक्शनचा टॅब उघडेल. सी ड्राइव्हसमोर 'ऑन' आहे का? विंडोज १० मध्ये बऱ्याच मशीनवर हे मुळातच बंद असतं, आणि विंडोजचं मोठं अपडेट येऊन गेलं की जुने पॉइंट तसेही जातात. मग बॅकअप सॉफ्टवेअर बिचारं फुकट बदनाम होतं. कोणी मधे प्रोटेक्शन 'ऑफ' करून परत 'ऑन' केलं असेल तरी त्या ड्राइव्हचे सगळे पॉइंट गेलेले असतात.

अजून एक फसवा प्रकार. विंडोज ८ पासून असं आहे की एखाद्या सॉफ्टवेअरने रिस्टोर पॉइंट मागितला आणि गेल्या १४४० मिनिटांत, म्हणजे २४ तासांत, एक होऊन गेलेला असेल तर विंडोज नवीन करतच नाही. कित्येक बॅकअप सॉफ्टवेअर काम सुरू करण्याआधी पॉइंट मागतात आणि तो झाला नाही की पिवळी खूण दाखवतात. ती बिघाडाची नाही, सोडून द्या.

आणि ते पीसी साफ करून वेगवान करणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलंय का? डिस्क क्लीनअपमध्येही 'मोअर ऑप्शन्स'खाली एक बटण आहे जे शेवटचा सोडून सगळे रिस्टोर पॉइंट पुसतं. जागा मोकळी झाली म्हणून खूश होणारा माणूस बहुतेक घरातलाच असतो. विंडोज ११ च्या २४एच२ वर जून २०२५ च्या अपडेटनंतर पॉइंट ६० दिवसांपर्यंतच ठेवले जातात, तेव्हा गणपतीतला पॉइंट दिवाळीनंतर शोधत बसू नका.

तिसरं: दोघांना वेगवेगळं चालवून बघा

ही दहा मिनिटांची परीक्षा आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. मशीन रीस्टार्ट करा, बॅकअपचं शेड्यूल थांबवा, त्याच सिस्टिम प्रोटेक्शनच्या टॅबवरून 'क्रिएट' दाबून हाताने एक रिस्टोर पॉइंट करा. झाला? मग पाच मिनिटं थांबून बॅकअप हाताने चालवा. तोही झाला, तर दोघंही तब्येतीने ठणठणीत आहेत आणि भांडण फक्त वेळेचं किंवा जागेचं आहे, चौथी आणि पाचवी पायरी वाचा. रिस्टोर पॉइंटच झाला नाही तर आजार विंडोजच्या बाजूला, थेट रायटर्सच्या, म्हणजे आठव्या पायरीवर जा. रिस्टोर पॉइंट झाला पण बॅकअप एकटा असूनही पडला तर प्रोव्हायडरची, म्हणजे नववी पायरी. लोक हे न करता थेट विंडोज फॉरमॅट करतात, आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतात.

चौथं: वेळा जुळतायत का

एका टॅक्सच्या ऑफिसात चार मशीन होती आणि त्यातल्या एकीवर बॅकअप दर आठवड्या-दहा दिवसांनी पडायचा, बाकी दिवस छान. कोड ०एक्स८००४२३१६. या कोडचा अर्थ सरळ आहे, 'दुसरा स्नॅपशॉट आत्ता चालू आहे'. बॅकअप त्यांनी दुपारी दीडला लावलेला, जेवायच्या सुट्टीत, म्हणजे कोणाच्या कामात अडथळा नको. विचार चांगलाच होता. पण विंडोजची आपोआप होणारी देखभाल मुळात पहाटे २ ला ठरलेली असते आणि ऑफिसातलं मशीन पहाटे २ ला बंद असतं, मग विंडोज काय करतं तर दिवसा मशीन जेव्हा रिकामं दिसेल तेव्हा ते काम उरकायला घेतं. दिवसा मशीन रिकामं कधी? जेवायच्या सुट्टीत. त्यात साधारण सात दिवसांत रिस्टोर पॉइंट झालेला नसेल तर तोही त्याच वेळी. मॅडम डबा उघडणार, माउस हलायचा थांबणार, आणि दोघं एकदम विहिरीवर.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून आम्ही वेळा जुळवल्या तेव्हा दोन नोंदींमध्ये मिनिटभराचंही अंतर नव्हतं. बॅकअप सकाळी साडेअकराला नेला, काम चालू असताना. त्याला तिथे सगळ्यांनी विरोध केला, पण शॅडो कॉपीचा उपयोगच मुळी उघड्या फाइलींसाठी आहे, काही होत नाही. तेव्हापासून फोन नाही.

तर तुम्ही कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स'मध्ये जाऊन मेंटेनन्सची वेळ बघा, बॅकअपची बघा, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन कधी आहे ते बघा, आणि तिघांमध्ये निदान एकेक तास ठेवा. मशीन रात्री चालू ठेवत असाल तर बॅकअप पहाटे २ ला मुळीच लावू नका, का कोण जाणे पण सगळ्यांना हीच वेळ सुचते.

पाचवं: हौद केवढा आहे

'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज' ही कमांड चालवा. फक्त माहिती दाखवते, काही बिघडवत नाही. प्रत्येक ड्राइव्हसाठी तीन आकडे येतील: यूज्ड, अलोकेटेड, मॅक्सिमम. फोटो स्टुडिओच्या एका मशीनवर मला दिसलं होतं की मॅक्सिमम ५ जीबी आणि यूज्ड ४.८ जीबी. त्या माणसाचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवरच तात्पुरत्या फाइली टाकायचं, लग्नाचा एक अल्बम म्हणजे वीस-तीस जीबी लिहून पुसलं जाणार. आता वर सांगितलं ते आठवा, रिस्टोर पॉइंट स्वतः वाढत नाही, त्याच्यानंतर तुम्ही जेवढं लिहाल तेवढा हौद भरतो. पाच जीबीच्या हौदात अल्बमाएवढं पाणी, किती दिवस टिकणार? लग्नसराईत एक पॉइंट संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नव्हता.

पुरावा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टिम'च्या लॉगमध्ये 'व्हॉलस्नॅप' नावाच्या नोंदी शोधा. ३३ नंबर म्हणजे मर्यादा ओलांडू नये म्हणून सगळ्यात जुना स्नॅपशॉट पुसला, हे रोजचं आहे, घाबरायचं नाही, पण दिवसातून चार वेळा दिसत असेल तर हौद लहान. ३६ म्हणजे तुम्ही घातलेल्या मर्यादेमुळे हौद वाढवता आला नाही, सगळे गेले. २५ नंबर वेगळा आहे, त्याचा अर्थ लिखाण इतक्या जोरात चाललं होतं की हौद वेळेत वाढवता आला नाही, तिथे नुसती मर्यादा वाढवून भागत नाही, डिस्कवरचा भार कमी करावा लागतो.

मर्यादा वाढवायची तर सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये 'कॉन्फिगर' दाबून स्लायडर सरकवा. २४० जीबीच्या एसएसडीवर ५ टक्के म्हणजे १२ जीबी होतात, मी घरगुती मशीनला एवढं ठेवतो, आणि सीवर जास्त लिखाण असेल तर १० टक्के. कमांडनेही होतं, 'व्हीएसएसॲडमिन रिसाइझ शॅडोस्टोरेज /फॉर=सी: /ऑन=सी: /मॅक्ससाइझ=१५जीबी'. वाढवताना धोका नाही, कमी करताना मात्र जुने पॉइंट लगेच जातात हे लक्षात ठेवा. आणि ड्राइव्हवर मुळात मोकळी जागाच नसेल तर मर्यादा कितीही लिहा, उपयोग नाही. स्टुडिओवाल्याचं मी काय केलं तर एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइली दुसऱ्या डिस्कवर वळवल्या, हौद तसाच ठेवला, पुढचे पॉइंट तीन-तीन आठवडे टिकले.

अख्ख्या मशीनचा एकत्र, म्हणजे इमेज बॅकअप घेत असाल तर एक छोटी गोष्ट इथेच बघून घ्या. विंडोज ७ च्या काळात बसवलेल्या मशीनवर 'सिस्टिम रिझर्व्हड' नावाचं १०० एमबीचं पार्टिशन असतं. ५०० एमबीपेक्षा लहान पार्टिशनवर स्नॅपशॉटसाठी निदान ५० एमबी मोकळे लागतात, त्याहून मोठ्यावर ३२० एमबी. सीवर शंभर जीबी मोकळे असून 'जागा नाही' म्हणतंय अशी तक्रार आली की ते हे असतं.

सहावं: बॅकअप जिथे जातो त्या डिस्कवर प्रोटेक्शन चालू आहे का

हे कोणी बघत नाही. सिस्टिम प्रोटेक्शनच्या यादीत तुमच्या बॅकअपच्या डिस्कसमोर, समजा ई ड्राइव्ह, 'ऑन' असेल तर काय होतं, बॅकअपची जुनी मोठी फाइल पुसून नवीन लिहिली की जुनीचे तुकडे ईच्याच हौदात जाऊन बसतात, म्हणजे एक टीबीची डिस्क कधी भरली कळत नाही. ई ड्राइव्हचं बंद करा. पण थांबा, विंडोजचंच जुनं 'बॅकअप अँड रिस्टोर' वापरून त्या डिस्कवर सिस्टिम इमेज घेत असाल तर करू नका, कारण ते जुन्या इमेज त्या डिस्कवर शॅडो कॉपीच्या रूपातच ठेवतं, बंद केलं की ताजी सोडून जुन्या सगळ्या गेल्या. एकदा माझ्याच हातून गेल्यात, नशीब की माझंच मशीन होतं.

आणि बॅकअप डी ड्राइव्हवर घेणारे जे आहेत, डी ही वेगळी डिस्क आहे का त्याच डिस्कचा तुकडा आहे ते बघा. त्याच डिस्कचा असेल तर वाचायचं आणि लिहायचं एकाच ठिकाणी, तो २५ नंबर अशाच मशीनवर दिसतो. शिवाय डिस्क गेली की दोन्ही गेलं.

सातवं: सर्व्हिसेस

'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' आणि 'मायक्रोसॉफ्ट सॉफ्टवेअर शॅडो कॉपी प्रोव्हायडर' या दोन्ही 'मॅन्युअल'वर असाव्यात. थांबलेल्या दिसल्या तरी ठीक आहे, लागतील तेव्हा उठतात. 'डिसेबल्ड' असेल तर मॅन्युअल करा. 'ऑटोमॅटिक' करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, काही फायदा नाही.

आठवं: रायटर्स

'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स'. लांबलचक यादी येते. रायटर म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमचा एकेक माणूस, ज्याला स्नॅपशॉटच्या आधी सांगितलं जातं की बाबा, हातातलं लिहून पूर्ण कर आणि जरा थांब. प्रत्येकासमोर '[१] स्टेबल' आणि 'नो एरर' पाहिजे. एखादा 'फेल्ड' किंवा 'टाइम्ड आउट' दाखवत असेल तर तो तुमचा गुन्हेगार, आणि एक अडला की बॅकअपही अडतो. थांबून राहायची मुदत रायटरला जास्तीत जास्त ६० सेकंद आणि प्रत्यक्ष लिखाण रोखून धरायची फक्त १० सेकंद. जुनी फिरती हार्ड डिस्क, टास्क मॅनेजरमध्ये १०० टक्के लाल, अशा मशीनवर ही मुदत सहज उलटते आणि ०एक्स८००४२३एफ२ येतो. त्याला औषध म्हणजे एसएसडी, बाकी सगळं मलमपट्टी.

आधी मशीन रीस्टार्ट करून यादी परत बघा, निम्म्या वेळा एवढ्यावर मिटतं. नाही मिटलं तर अडलेल्या रायटरची सर्व्हिस रीस्टार्ट करायची. सिस्टिम रायटर अडला तर 'क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस', डब्ल्यूएमआय रायटर असेल तर 'विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन', एमएस सर्च असेल तर 'विंडोज सर्च', एसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर 'एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर'. डब्ल्यूएमआयची रीस्टार्ट करताना तिच्यावर अवलंबून असलेल्या आणखी सर्व्हिसेस बंद करू का विचारेल, तेव्हा कामाच्या वेळेत करू नका.

एसक्यूएलबद्दल एक सांगायचं राहिलं. बिलिंगची बरीच सॉफ्टवेअर गुपचूप एसक्यूएल सर्व्हर बसवतात, दुकानदाराला पत्ताही नसतो. डेटाबेसच्या नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस राहिली असेल तर एसक्यूएलचा रायटर यादीतून पूर्ण गायब होतो, फेल्डसुद्धा दाखवत नाही. एका मेडिकल दुकानात यासाठी माझे दोन दिवस गेले. 'स्टॉक२३' आणि त्यापुढे एक रिकामी जागा, डोळ्याला दिसणार कशी? नाव बदलायचं काम मात्र बिलिंगवाल्याकडूनच करून घ्या, स्वतः बदललंत आणि सॉफ्टवेअर जुन्याच नावाने शोधत बसलं तर दुकान बंद.

नववं: प्रोव्हायडर किती आहेत, आणि बॅकअप सॉफ्टवेअर किती

'व्हीएसएसॲडमिन लिस्ट प्रोव्हायडर्स'. प्रोव्हायडर म्हणजे प्रत्यक्ष स्नॅपशॉट काढणारा. इथे मायक्रोसॉफ्टची नावं दिसली पाहिजेत, 'सॉफ्टवेअर शॅडो कॉपी प्रोव्हायडर १.०' आणि नवीन विंडोजवर एक 'फाइल शेअर'वाला, दोन्ही चालतात. तिसरं काही नाव दिसलं तर ते कुठल्यातरी बॅकअप सॉफ्टवेअरने बसवलेलं. बरेचदा ते सॉफ्टवेअर ट्रायल संपून दोन वर्षांपूर्वी काढलेलं असतं आणि प्रोव्हायडर तेवढा भुतासारखा मागे राहिलेला, मग ०एक्स८००४२३०एफ. ज्या कंपनीचा असेल तिच्या साइटवर पूर्ण काढून टाकायचं टूल असतं, तेच वापरा. सॉफ्टवेअर अजून वापरात असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये स्नॅपशॉट कशाने घ्यायचा असा पर्याय असतो, तिथे मायक्रोसॉफ्टचा निवडा.

आणि दोन बॅकअप सॉफ्टवेअर एकाच मशीनवर ठेवू नका हो. नवीन हार्ड डिस्कबरोबर एक फुकट आलं, भाच्याने एक टाकून दिलं, ऑफिसने तिसरं दिलं. एक ठेवा.

दहावं: अनाथ स्नॅपशॉट

इथून पुढे जरा जपून. बॅकअप चालू असताना लाइट गेली, यूपीएस नव्हता, तर अर्धवट स्नॅपशॉट तसाच पडून राहू शकतो आणि जागा अडवतो. 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोज'मध्ये तारखांसकट दिसतात. बॅकअपच्या तारखेचा एखादा महिनाभर जुना पडलेला दिसला तर आधी बॅकअप सॉफ्टवेअरमधूनच साफ करून बघा. कमांडने पुसायला गेलात तर बहुतेक वेळा 'स्नॅपशॉट सापडले पण ते तुमच्या हद्दीबाहेरचे आहेत' अशा अर्थाचं उत्तर येतं. मग हौदाची मर्यादा एकदम खाली आणून, मी ४०१ एमबी लिहितो कारण ३२० च्या खाली तो घेत नाही, आणि लगेच परत वाढवायची ही एक युक्ती आहे. पण यात त्या ड्राइव्हचे सगळे रिस्टोर पॉइंटही जातात, सगळे म्हणजे सगळे. म्हणून पहिली पायरी आधी.

सगळे शॅडो एका झटक्यात आणि न विचारता पुसायची जी कमांड लोक एकमेकांना पाठवतात ती चालवू नका. २०१७ चा वॉनाक्राय खंडणीचा व्हायरस नेमकी तीच चालवायचा, त्यामुळे चांगला अँटिव्हायरस ती बघताच बोंबलतो, आणि बरोबरच करतो. तसंच शॅडो कॉपीच्या डीएलएल परत रजिस्टर करणारी ती जुनी बॅच फाइल. ती एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या जमान्यातली आहे, व्हिस्टापासून पुढे ती चालवू नका असं मायक्रोसॉफ्टचंच सांगणं आहे. तिने बिघडवलेली मशीन मी दुरुस्त केलीत, तिने दुरुस्त झालेलं एकही बघितलं नाही.

अकरावं: रिस्टोर केल्यावर बॅकअप सॉफ्टवेअर लुळं पडलंय

हे वेगळं भांडण. रिस्टोरने प्रोग्रॅमच्या फाइली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री मागच्या तारखेला नेली, पण सॉफ्टवेअरची स्वतःची नोंदवही, म्हणजे कोणता बॅकअप कधी झाला ते, आजचीच राहिली. अर्धं शरीर महिन्यामागचं आणि अर्धं आजचं. सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमधून 'रिपेअर' करा, नाही जमलं तर काढून परत बसवा. नंतर पहिला बॅकअप पूर्ण घ्या, जुन्या बॅकअपच्या साखळीला पुढचा इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेलं घेणारा बॅकअप, जोडू नका. जुनी साखळी पुसायचीही नाही, नवीन पूर्ण बॅकअपमधून एक-दोन फाइली परत काढून बघेपर्यंत तिथेच राहू द्या.

बारावं: विंडोजच्या फाइली आणि डिस्क

'एसएफसी /स्कॅननाऊ', त्याने भागलं नाही तर 'डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ' आणि मग परत एसएफसी. तासभर जातो, मधे बंद करू नका. डिस्कसाठी 'चेकडिस्क सी: /स्कॅन' (टाइप करताना सीएचकेडीएसके), याने विंडोज चालू असतानाच तपासणी होते. '/आर' वालं इतक्यात नको, कारण खाली सांगतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क'च्या नावाने ७ किंवा १५३ नंबर, किंवा 'एनटीएफएस'चा ५५ दिसला, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येतोय. ७ म्हणजे खराब जागा सापडली, १५३ म्हणजे एकाच वाचनासाठी परत परत हात घालावा लागतोय. अशा डिस्कवर '/आर' चालवलं तर ती अख्खी डिस्क घासून वाचते, मरायला टेकलेल्या माणसाला पर्वती चढायला लावल्यासारखं. मशीन बंद करा, डेटा काढणाऱ्याकडे न्या.

सगळे शॅडो एका दिवसात आपोआप गेले, बॅकअपच्या फाइली उघडत नाहीत आणि फाइलींच्या नावांपुढे काहीतरी विचित्र शेपूट लागलंय, तर हे भांडण नाही, खंडणीवाला व्हायरस आहे. नेटवर्कची वायर आणि वायफाय काढा, बॅकअपची डिस्क चुकूनही जोडू नका, आणि जाणकाराला विचारल्याशिवाय रीस्टार्टही नको. कंपनी असाल तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ६ तासांत कळवायचं बंधन २०२२ पासून आहे.

रजिस्ट्रीमध्ये जाऊन 'अपर फिल्टर्स'मधून बॅकअपच्या ड्रायव्हरचं नाव काढा असा सल्ला मिळाला असेल तर तेही स्वतः करू नका. एक शब्द चुकीचा उडाला की विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं आणि डिस्कच सापडत नाही म्हणतं. मी हे करतो, पण आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण क्लोन घेऊन. सर्व्हर असेल, त्यावर पंधरा मशीन लटकलेली असतील, तर सातव्या पायरीच्या पुढे जाऊच नका.

माणूस बोलावलात तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचवायला एवढं करून ठेवा: शॅडोस्टोरेज, रायटर्स, प्रोव्हायडर्स आणि शॅडोज या चारही कमांडचं जे उत्तर आलं ते कॉपी करून नोटपॅडमध्ये सेव्ह करा, बॅकअप पडल्याच्या शेवटच्या तीन वेळा तारखेसकट लिहा, त्या दिवशी नवीन काय बसवलं ते आठवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कुठे लिहून ठेवलीय ते आधी शोधा, आत शिरल्यावर चहाच्या आधी मी तेच विचारतो.